'खानापूर'च येतं, 'रोड' कुठं गेला?
तुझ्या सी प्रोग्रॅममध्ये 'खानापूर रोड' टाईप केल्यावर नुसतं 'खानापूर' छापतंय म्हणालास, ते बरोबरच आहे की! स्कॅनएफचं (scanf, टाईप केलेलं वाचणारं फंक्शन) पर्सेंट-एस (%s, शब्द वाचायची खूण) स्पेस दिसली की थांबतं. 'रोड' बफरमध्येच (टाईप केलेलं साठतं ती तात्पुरती जागा) बसून राहतो आणि पुढच्या स्कॅनएफच्या गळ्यात पडतो. एफगेट्स (fgets) वापर, ते स्पेससकट ओळ वाचतं. जुनं गेट्स (gets) कुणी सुचवलं तर ऐकू नकोस, सी-११ मध्ये (सी भाषेच्या २०११ च्या मानकात) ते काढूनच टाकलंय.

मराठीत नावं घेणार असशील तर ॲरे (वाचलेली अक्षरं ठेवायची जागा) ऐसपैस ठेव. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाईटमध्ये साठवायची पद्धत) 'बेळगाव'ला १८ बाईट लागतात. १० बाईटच्या ॲरेत एफगेट्स 'बेळ' एवढंच देतं, 'गाव' पुढच्या वाचनाला.

फाईल वाचतानाही हेच, एफगेट्सला एसटीडीइनच्या (stdin, म्हणजे कीबोर्डचं इनपुट) जागी फाईल पॉइंटर (उघडलेली फाईल दाखवणारा) द्यायचा. फक्त लूप एफईओएफवर (feof, फाईल संपली का ते सांगणारं फंक्शन) चालवू नकोस, शेवटची ओळ दोनदा छापली जाते. एफगेट्सनं नल (NULL, म्हणजे वाचायला काही मिळालं नाही) दिलं की थांबायचं.