मुंबईत पगार बरा, तरी भाडं झेपेना: हिशेब कसा लावायचा?

कृष्णाकाठ: हातात 82,000 येतात. सांगलीतल्या घराचा हप्ता 16,000, आईवडिलांना 10,000. मुलुंडला वन बीएचके 30,000, डिपॉझिट 1 लाख. घ्यावं का?

मिरजकर: हिशेब 82,000 वर नको, 56,000 वर धरा. त्यात 30,000 म्हणजे निम्म्याहून जास्त गेले. पहिल्याच महिन्यात डिपॉझिट, भाडं आणि महिन्याभराची दलाली मिळून 1,60,000 रोख लागतील. टेम्पो, गॅस वेगळं. मेंटेनन्स भाड्यात धरलाय का तेही विचारा. सांगलीच्या विश्रामबागेतल्या भाड्याशी तुलना मात्र करत बसू नका, उगाच जीव जळतो!

अजिंक्यतारा: प्राप्तिकराची करप्रणाली कोणती निवडलीय, नवी की जुनी? नव्या प्रणालीत एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्याची, सूट नाही. जुनीत तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान तो करमुक्त: मिळालेला एचआरए, भाडं वजा मूळ पगाराचे 10 टक्के, किंवा मुंबईत मूळ पगाराचे 50 टक्के. मूळ 45,000 आणि एचआरए 22,500 असेल तर तो पूर्ण सुटतो. भाडं वर्षाला लाखावर असल्यानं मालकाचा पॅन लागेल. काही मालक तिथंच अडतात, म्हणून टोकन देण्याआधी विचारा. दोन्ही प्रणालींत कर काढूनच ठरवा.

मिरजकर: आणि करार नोंदवूनच घ्या, नुसत्या नोटरीवर भागवू नका. 11 महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवरचं 10 टक्के दरानं व्याज, यावर 0.25 टक्के मुद्रांक, म्हणजे इथं साधारण 850 रुपये. नोंदणी फी 1,000.

कृष्णाकाठ: मग टू बीएचके दोघांत?

अजिंक्यतारा: चालेल, पण करारात दोघांचीही नावं हवीत.