नाशिकमधल्या दोन आयएसपींनी (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी) थेट लिंक टाकली तर खर्च कसा वाटायचा?

गोदाकाठ_नेट
आमचं नेटवर्क सातपूर-अंबडला, दुसऱ्यांचं नाशिकरोड-देवळालीला. ग्राहकांसाठी चुरस आहेच, पण आपसातला ट्रॅफिक आज मुंबईला जाऊन परत नाशिकला येतो. दोघांकडे स्वतःचा एएसएन (इंटरनेटवर नेटवर्कचा ओळख-क्रमांक) आणि /24 (256 आयपी पत्त्यांचा गट) आहे. फायबरचा मार्ग साधारण 15 किमी. समोरच्यांचं म्हणणं, तुमचे ग्राहक जास्त, तर फायबरचं भाडंही तुम्हीच जास्त द्या. हे रास्त आहे का?

बीजीपी_नाशिक
नाही. ग्राहक किती यावर नाही, लिंकमुळे कोणाचं किती वाचतं यावर बोला. घरगुती ग्राहकांच्या आयएसपीचं ट्रान्झिट बिल (बाकी इंटरनेटपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचं) डाउनलोडवर ठरतं, अपलोडची बाजू रिकामीच पडून असते. म्हणजे या लिंकवरून जो जास्त ओढेल त्याचं जास्त वाचेल. निक्सीच्या (आयएसपी आपसात ट्रॅफिक बदलतात त्या भारतीय एक्स्चेंजच्या) जुन्या हिशोबातही जास्त ओढणाराच फरकाचे पैसे देई.

आधी मोजा. राउटरवर नेटफ्लो (कुठला ट्रॅफिक कुठे जातो याची नोंद) चालू करून दोन आठवडे समोरच्या एएसएनचा ट्रॅफिक दोन्ही दिशांनी बघा. दोघंही घरगुती ग्राहकांचे, त्यामुळे आकडे जवळपास सारखे आणि लहानच निघतील. मग ट्रॅफिकवर बिल लावण्यात अर्थ नाही, हिशोब ठेवण्याचाच खर्च जास्त. पोर्ट आणि मॉड्यूल (पोर्टमध्ये बसणारा, फायबरमध्ये प्रकाश सोडणारा भाग) ज्याचं त्यानं घ्यावं, फायबरचं भाडं निम्मं-निम्मं. फायबर तुटलं तर जोडणीचा खर्च कोणाचा, हे करारात आत्ताच लिहा. रस्ता खोदला की भांडण तिथूनच सुरू होतं.

ओटीडीआर
15 किमीला 10जी (10 गिगाबिटचं) एलआर मॉड्यूल घेऊ नका, ते 10 किमीचं आहे. 1310 नॅनोमीटरच्या प्रकाशाला किमीला 0.35 डीबी (डेसिबल) घट धरा, म्हणजे नुसत्या काचेत 5.25 डीबी गेले. त्यावर कनेक्टर आणि स्प्लाइस (फायबरचे सांधे) यांची घट. एलआरचं हमी बजेट (एवढीच घट चालते) 6.2 डीबी, एका दुरुस्तीच्या स्प्लाइसनंतर लिंक फडफडायला (सारखी चालू-बंद व्हायला) लागेल. 40 किमीचं ईआर मॉड्यूल घ्या, पण थेट जोडू नका: त्याचं ट्रान्समिट +4 डीबीएमपर्यंत (डीबीएम म्हणजे प्रकाशाच्या ताकदीचं माप) जातं आणि रिसीव्हर −1 च्या वर सहन करत नाही. दोन्ही टोकांना 5 डीबीचा अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा जोड) लावा. भाडं ठरवण्याआधी ओटीडीआरचा (फायबरची लांबी आणि घट मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट मागा, फायबरची लांबी रस्त्यापेक्षा जास्तच भरते.

बीजीपी_नाशिक
बीजीपी सेशन (राउटर एकमेकांना मार्ग सांगतात ती जोडणी) उभं करताना: लिंकला /31 (दोनच आयपींचा गट), फक्त स्वतःचे आणि आपल्या ग्राहकांचे प्रीफिक्स (आयपींचे गट) जाहीर करा, समोरून येणाऱ्यांवर प्रीफिक्स-लिस्ट (कुठले घ्यायचे) आणि मॅक्स-प्रीफिक्स (जास्तीत जास्त किती घ्यायचे) लावा, आरओए (हा प्रीफिक्स कुठल्या एएसएननं जाहीर करायचा याची सही केलेली नोंद) आधी बनवा. फिल्टर विसरलात तर ट्रान्झिटचे रूट समोरच्याकडे गळतील आणि त्यांचा बाहेरचा ट्रॅफिक तुमच्या पैशानं मुंबईला जाईल. समोरच्यानं तुमच्याकडे स्टॅटिक डीफॉल्ट (सगळा बाहेरचा ट्रॅफिक तुमच्याकडे पाठवणारा हातानं टाकलेला मार्ग) टाकला तरी तेच होतं, आणि ते प्रीफिक्स-लिस्टनं अडत नाही. म्हणून त्या इंटरफेसवरून येणारं जे पॅकेट आपल्या किंवा आपल्या ग्राहकांच्या आयपीसाठी नाही, ते टाकून द्या.

गोदाकाठ_नेट
त्यांच्याकडे व्हिडिओ कॅशे (व्हिडिओ कंपनीचा, प्रती जवळ साठवणारा सर्व्हर) आहे. तोही याच लिंकवरून मिळाला तर?

बीजीपी_नाशिक
ते वेगळं प्रकरण. कॅशेवाली कंपनी परवानगी देते का, ते त्यांना आधी विचारायला लावा. तुमचे प्रीफिक्स कॅशेला मिळाले की ट्रॅफिक एकतर्फी होतो, शिवाय कॅशे भरायची बँडविड्थ त्यांची जाते. इथे निम्मं-निम्मं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. यासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच लिंकवर वेगळी वाट) आणि 95 पर्सेंटाइलचं (वरचे 5 टक्के नमुने सोडून) बिल ठेवा: दर 5 मिनिटांचे नमुने, 30 दिवसांत 8,640, त्यातले वरचे 432 सोडून पुढचा आकडा. म्हणजे महिन्यातले 36 तास माफ. एका क्रिकेट सामन्याच्या संध्याकाळमुळे बिल फुगत नाही. ग्राफ दोघांनी आपापल्या पोर्टवर ठेवा आणि बिलाआधी जुळवून घ्या.