इलेक्ट्रिकलसाठी जळगाव, शिरपूर की पुणे?

केळीवाला यावल:
राम राम मंडळी. मुलीला सीईटीत 88 पर्सेंटाईल आहेत. तिला इलेक्ट्रिकलच पाहिजे. शेतातली डीपी जळाली की वायरमनच्या मागे मागे फिरणारी पोर आहे ती. जळगावचं शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज, जळगावजवळचं बांभोरीचं, शिरपूरचं, की पुण्यातलं एखादं खाजगी? मेहुणे म्हणतात, पुण्याशिवाय नोकरी नाही. बाकी सगळे म्हणतात कॉम्प्युटर घ्या. केळीचा भाव तुम्हाला ठाऊकच आहे, सांभाळून सांगा.

धुळेकर:
काका, बारावी जळगाव जिल्ह्यातली ना? मग इकडच्या बहुतेक कॉलेजांत 70 टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या भागातल्या मुलांच्या, तिथे तिचा नंबर लवकर लागेल. पुण्यात ती बाहेरची. दुसरं, ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस असाल आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर 2024-25 पासून मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. फक्त प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून हवा. होस्टेल-मेस मात्र या माफीत नाही. दाखले आत्ताच काढून ठेवा.

सबस्टेशनवाला भुसावळ:
भाऊ, वीस वर्षं ब्रेकर आणि रिलेंच्या संगतीत काढलीत, म्हणून बोलतो. कॉलेजची माहितीपुस्तिका बाजूला ठेवा. पोरीला घेऊन थेट मशीन्स लॅबमध्ये जा आणि डीसी मोटरचा स्टार्टर, म्हणजे मोटर टप्प्याटप्प्याने चालू करायचा हँडलवाला डबा बघा. हँडल जिथून सरकतं ती पितळी बटणं घासून चकचकीत झालेली असली, तर पोरं मोटर चालवतात. काळी-हिरवी पडली असली, तर तो स्टार्टर तपासणीवाल्यांपुरता आहे. आमच्या कॉलेजात (नाव नको) एका मोटरभोवती चौदा जण उभे असायचे. रीडिंग दोघं घ्यायचे, बाकीचे उतरवायचे. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा) हातात आला तेव्हा माझी लाज निघाली.

मेहुण्यांना सांगा, नुसत्या कॅम्पस मुलाखतींच्या भरवशावर इलेक्ट्रिकल घेऊ नये. महापारेषण या राज्याच्या वीजवहन कंपनीत सहायक अभियंता (पारेषण) पदाला इलेक्ट्रिकलचीच पदवी लागते, आणि केंद्राची पॉवरग्रिड गेट या देशपातळीवरच्या परीक्षेच्या मार्कांवर घेते. त्या परीक्षेत पुण्याचा आणि बांभोरीचा पेपर वेगळा नसतो. शिवाय इथे भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात 500 मेगावॅटचे संच आहेत, साक्रीकडे सोलर आणि पवनचक्क्या आहेत. सहल काढणारे सर आहेत का, एवढं तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा. सरांना विचारू नका, ते हो म्हणणारच!

पसंतीक्रम भरताना घाई नको. 2025 पासून पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की ते पक्कं धरतात, पुढच्या फेरीत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनला तोच नियम. ‘बघू लागलं तर’ म्हणून पुणं वर टाकलंत आणि लागलं, तर खोलीभाडं भरत बसाल.

केळीवाला यावल:
दोन कॉलेजं बघून आलो. पहिल्या ठिकाणी लॅबला कुलूप, चावीवाला सुट्टीवर. दुसरीकडे असिस्टंटने पोरीला स्टार्टरचं हँडल फिरवू दिलं. तिने अर्ध्यातच सोडलं, ते खट्‌कन मागे आलं आणि ती दचकली. मग असं का होतं म्हणून अर्धा तास त्यांचं डोकं खाल्लं. त्यांनीही न कंटाळता कव्हर उघडून हँडल धरून ठेवणारी कॉइल दाखवली. तेच पहिल्या नंबरला टाकतोय. आता एवढंच सांगा, उत्पन्नाच्या दाखल्याला सातबारा सगळ्या भावांचा लागतो की माझ्या एकट्याचा?