तेजोमेघाच्या पोटातला वारा रेडिओत शोधायचा का?

मृगव्याध: सूर्यासारखा तारा अखेरीस बाहेरचे थर टाकतो, त्यांचा ग्रहीय तेजोमेघ होतो आणि उघड्या पडलेल्या तप्त गाभ्यातून वारा सुटतो. 'मांजराचा डोळा' तेजोमेघात (एनजीसी ६५४३) त्याचा वेग सेकंदाला सुमारे १,४०० किमी आहे. हे अतिनील वर्णपटातून कळलं. पण तिथे मोजक्या आयनांच्याच (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्याच) रेषा दिसतात, त्यावरून एकूण वस्तुमान काढताना बरंच गृहीत धरावं लागतं. आयनित वारा रेडिओतही दिसायला हवा, त्याचं गणित १९७५ पासून तयार आहे. माझं स्पष्ट मत आहे की यासाठी दुर्बिणीचा वेळ द्यावा.

शून्यप्रहर: विरोध. तेच गणित लावून बघा. १० गिगाहर्ट्झला वाऱ्याचे जेमतेम एक-दोन मायक्रोजान्स्की (जान्स्की हे रेडिओ तीव्रतेचं एकक) येतात आणि भोवतीचा तेजोमेघ शेकडो मिलीजान्स्कीचा. म्हणजे लाखो पटींचा फरक! अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीवर दहा तास घालवले तरी गोंगाट एका मायक्रोजान्स्कीच्या आसपास राहणार. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाचं काम पूर्ण होईल.

मृगव्याध: फरक मान्य, पण तेजोमेघ पसरट आहे आणि वारा बिंदूसारखा. अँटेना एकमेकींपासून लांब असल्या की पसरट प्रारण आपोआप गळतं. शिवाय वाऱ्याची तीव्रता वारंवारतेच्या ०.६ घाताने वाढते, तेजोमेघाची किंचित उतरते. दोन-तीन वारंवारतांवर मोजलं की केंद्रातला ठिपका कुणाचा ते कळेल.

शून्यप्रहर: तेजोमेघ गुळगुळीत असता तर पटलं असतं. त्यातल्या गाठी आणि तंतू गळत नाहीत, तेच ठिपके म्हणून उरतात. आणि वाराच गुठळ्यांचा असेल तर? रेडिओ तीव्रता घनतेच्या वर्गावर चालते, वस्तुमान फुगूनच दिसेल. अतिनीलची गृहीतकं टाळायला निघालात आणि नवं गृहीतक पदरात घेतलंत.

खोडदचा_वाटसरू: नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. तिची धाव साधारण १,४५० मेगाहर्ट्झपर्यंत, तिथे हा औष्णिक (तप्त वायूचा) वारा आणखी फिका पडतो. त्यासाठी ती नकोच. मात्र आयआरएएस १५१०३-५७५४ या कोवळ्या तेजोमेघात ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीला सिंक्रोट्रॉन प्रारण (चुंबकीय क्षेत्रात अतिवेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं) सापडलं, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. असं प्रारण कमी वारंवारतेला तेज होतं, तेजोमेघाचं मात्र तिथे स्वतःतच शोषलं जाऊन मंदावतं. आपल्या ३० अँटेना तिकडे वळवा.

शून्यप्रहर: याला माझा पाठिंबा. फक्त आयनित वायूच्या आत उमटलेलं सिंक्रोट्रॉनही तोच वायू गिळतो, तेव्हा उगम बाहेरच्या कडेला असेल असेच तेजोमेघ निवडा.

मृगव्याध: निवडा, पण मांजराचा डोळा यादीतून काढू नका. १० गिगाहर्ट्झला काही दिसलं नाही तरी वस्तुमानाची वरची मर्यादा हाती येते, आणि ती अतिनीलच्या आकड्याशी ताडून बघता येते.