मदत हवी आहे : एनियाकची दशमान मोजणी प्रतिकृतीत कशी दाखवावी?

नमस्कार मंडळी,

मी परभणी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनासाठी नववीची मुले एनियाक या संगणकाची प्रतिकृती करत आहेत. तक्त्याचा मजकूर त्यांनी एका दैनिकाच्या पुरवणीतून उतरवून घेतला असून अडचण तिथेच आहे. त्या लेखानुसार एनियाकमध्ये अठरा हजार ट्रान्झिस्टर होते आणि तो शून्य-एकच्या भाषेत चालत असे.

ट्रान्झिस्टरची चूक मुलांना लगेच पटली, कारण एनियाक फेब्रुवारी १९४६ मध्ये जगासमोर आला आणि ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मधला. एनियाकमध्ये होत्या त्या जुन्या रेडिओत असत तशा व्हॅक्यूम ट्यूब. शून्य-एकचे तसे नाही. पत्रकार आजचाच संगणक मोठा करून मागे नेऊन ठेवतात, त्यामुळे हे यंत्र दशमान पद्धतीने मोजत होते हे कुणाला खरेच वाटत नाही. त्याच्या २० संचयकांपैकी (संख्या साठवून त्यात बेरीज करणाऱ्या विभागांपैकी) प्रत्येकात दहा अंकी संख्या मावत असे. प्रत्येक अंकासाठी दहा स्थानांचे एक वलय होते, त्यातले एकच स्थान 'चालू' असे, विजेच्या प्रत्येक स्पंदासरशी ते एक घर पुढे सरके आणि नवावरून शून्यावर येताना शेजारच्या वलयाकडे हातचा जाई. जुन्या स्कूटरवरची किलोमीटर मोजणारी अंकांची चाके अशीच फिरतात, फक्त इथे फिरणारे चाक नव्हते. एका अंकासाठी ३६ ट्यूब लागत.

हे दाखवण्यासाठी ४०१७ क्रमांकाची आयसी (दहापर्यंत मोजणारी तयार चिप) आणि दहा एलईडी, अशी तीन वलये जोडण्याचा विचार आहे. आयसी स्वस्त आहे आणि तिला हातच्यासाठी वेगळी पिनही आहे. मात्र तिच्या पोटात एनियाकच्या वलयातल्याप्रमाणे दहा नव्हे, पाचच फ्लिप-फ्लॉप (चालू किंवा बंद ही स्थिती धरून ठेवणारी मंडले) असतात, म्हणजे बाहेरून वागणूक तीच असली तरी आतली रचना वेगळी आहे. पुरवणीची चूक दुरुस्त करताना आपणच दुसरी चूक मांडू नये, अशी माझी इच्छा आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे : ४०१७ वापरून तक्त्यावर हा फरक स्पष्ट लिहिणे पुरेसे आहे का, की दहा सुटे फ्लिप-फ्लॉप जोडून निदान एक वलय तरी मूळ रचनेप्रमाणे करावे? दुसरा मार्ग घेतल्यास, वीजपुरवठा सुरू होताच एकच दिवा लागेल याची खात्री कशी करावी? नववीच्या मुलांना स्वतः जोडता येईल अशी मंडल-आकृती कुणाकडे असल्यास अवश्य द्यावी.