साउंड इंजिनिअरिंगची सुरुवात: आधी स्पीकर घेऊ की कोर्स करू?

प्रश्न
पदवीचं शेवटचं वर्ष आहे. लॅपटॉपवर रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये गाणी करते, मिक्सिंग (सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करणं) हेडफोनवर. हेडफोनवर छान वाटलेलं गाणं गाडीत लावलं की गायकाचा आवाज बुडतो आणि बेस घुमतो. आता पोटापाण्यासाठी हेच काम करायचं ठरवलंय. साठवलेल्या पैशांत मॉनिटर स्पीकर (मिक्सिंगसाठीचे, आवाज आहे तसा ऐकवणारे) घ्यावेत की वर्षभराचा कोर्स करावा? आणि प्रॉडक्शन आधी शिकू की इंजिनिअरिंग?

उत्तर
कोर्सचं माहितीपत्रक बाजूला ठेवा. एका विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास स्वतःच्या हाताने माइक लावायला मिळतात, एवढंच तिथल्या मुलांना विचारा.

उत्तर
मी बरीच वर्षं लाइव्ह कार्यक्रमांचा साउंड करतो, मधल्या दिवसांत रेकॉर्डिंग. माझं स्पष्ट मत: स्पीकर आत्ता नको. छोट्या खोलीत ते ठेवलेत की स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. समोरासमोरच्या दोन भिंतींत ३.४ मीटर अंतर असेल, तर ५० हर्ट्झच्या आसपासचा बेस एका जागी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. भिंतीवरचा पातळ फोम या बेसला काही करत नाही. कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड पॅनेल लागतात. तोवर हेडफोनच बरे, फक्त तुम्हाला आवडणारं एखादं गाणं शेजारी लावून सतत ताडून बघा.

कान तयार होतो तो माइक हलवून. एका गिटारला दोन माइक लावा. एक तिथेच ठेवा, दुसरा साधारण ३४ सेंटीमीटर मागे घ्या. ध्वनीला तेवढं अंतर कापायला एक मिलिसेकंद लागतो. दोन्ही चॅनल सारख्या पातळीवर एकत्र केले की ५०० हर्ट्झ, मग १५००, २५०० असे खड्डे पडतात आणि गिटार पोकळ वाटायला लागते. हे एकदा कानाने पकडलं की इक्यूला (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करायच्या साधनाला) हात लावण्याआधी तुम्ही उठून माइकपाशी जाल. माझ्या मते या कामाचा निम्मा भाग हाच आहे.

त्यामुळे एखाद्या लाइव्ह टीममध्ये मदतनीस म्हणून जा. केबल नीट गुंडाळणं, चॅनल लिस्ट बघून स्टेजबॉक्स पॅच करणं (स्टेजवरच्या जोडणीच्या डब्यात प्रत्येक केबल योग्य जागी लावणं), कलाकारांसमोरच्या मॉनिटर स्पीकरला शिट्टी लागली की ती कोणत्या फ्रिक्वेन्सीची हे ओळखणं, सगळं तिथे शिकाल. कान मात्र जपा, फार कळकळीने सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. इअरप्लग पहिल्या दिवसापासून खिशात हवेत.

प्रॉडक्शन म्हणजे गाणं कसं असावं, कोणता टेक (रेकॉर्ड केलेला प्रयत्न) ठेवावा हे ठरवणं. त्याला वेळ लागतो आणि लोकांचा विश्वासही. इंजिनिअरिंगचं काम लवकर मिळतं, म्हणून ते आधी. संवादांची सफाई आणि एडिटिंग यांकडेही बघा. गाण्यांच्या मोहात मुलं तिकडे फिरकत नाहीत, पण काम भरपूर असतं.

प्रश्नकर्ती
खूप आभार! म्हणजे दोन माइकचा प्रयोग आजच. काम मागायला जाताना सोबत काय न्यावं, माझीच गाणी?

उत्तर
एखादं न्या, बाकी दुसऱ्यांचं रेकॉर्डिंग असू द्या. मिक्स करण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही ऐकवा, पण दोन्हींची लाउडनेस सारखी करून. मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो आणि ऐकणाऱ्या इंजिनिअरला ते लगेच कळतं. एका गाण्याचे सगळे ट्रॅकही न्या: २४ बिट, कुठेही क्लिप न झालेले (पातळी मर्यादेबाहेर जाऊन न फाटलेले), सगळे एकाच बिंदूपासून सुरू होणारे आणि प्रत्येक फाइलला वाद्याचं नाव दिलेलं. आम्ही माणूस घेताना गाण्याआधी तो फोल्डर उघडतो.