सतीश काळसेकर: संपादनाने कवी गिळला का?

अर्धविराम:
काळसेकरांचे तीनही संग्रह सलग वाचले आणि मन खट्टू झालं. 'इंद्रियोपनिषद' १९७१, 'साक्षात' १९८२, 'विलंबित' १९९७. २०२१ ला ते गेले. एवढ्या ताकदीचा कवी, पण दोन संग्रहांत आधी ११ वर्षांचं अंतर, मग १५ वर्षांचं! बँकेतली नोकरी होती, पण ती इतर कवींनीही केली. खरा वेळ खाल्ला नियतकालिकांनी. आधी 'फक्त', 'चक्रवर्ती' ही अनियतकालिकं (कवींनी स्वतः काढलेले, ठरावीक वेळ नसलेले छोटे अंक), पुढे लोकवाङ्मय गृह या प्रकाशनसंस्थेचं मासिक 'आपले वाङ्मय वृत्त'. मराठी कवितेचं यात नुकसानच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खारवी:
मुळीच पटलं नाही. संग्रह मोजून कवी ठरवायचा का? साठच्या दशकात प्रस्थापित मासिकं नव्या कवितेला दारात उभं करत नव्हती. १९६९ ला बंडखोर तरुण लेखकांनी 'सत्यकथा' या प्रतिष्ठित मासिकाच्या अंकाची होळी केली ती उगाच नाही. त्या पिढीनं स्वतः अंक काढले नसते तर तुम्ही आज जी कविता वाचता, ती छापलीच गेली नसती.

अर्धविराम:
अनियतकालिकांचं मान्य. मी बोलतोय नंतरच्या काळाबद्दल. मासिक चालवायला दुसरं कोणीही मिळालं असतं. 'साक्षात' लिहिणारा दुसरा कुठून आणणार?

प्रूफवाली:
कोणीही मिळालं असतं? तालुक्याच्या गावातून एक छोटं त्रैमासिक आम्ही काढतो, म्हणून सांगते. एका नव्या मुलीची कविता आली. छान होती, पण शेवटच्या चार ओळींत तिनं सगळं समजावून सांगितलेलं. त्या काढ, हे तिला न दुखावता पटवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. ओळी गेल्या आणि कविता उभी राहिली. कविता न लिहिणाऱ्याला हे दिसत नाही हो. त्या दिवशी मी स्वतः काही लिहिलं नाही, हेही खरं, त्यामुळे तुमची हळहळ कळते.

खारवी:
आणि २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार विसरलात का? 'वाचणाऱ्याची रोजनिशी'ला मिळाला. दुसऱ्यांची पुस्तकं जन्मभर जीव लावून वाचल्याशिवाय ते पुस्तक होत नाही.

अर्धविराम:
तेच तर दुखतं. पुरस्कार मिळाला तो गद्याला. 'विलंबित'वर कोणी चार ओळी लिहिलेल्या दिसत नाहीत, या धाग्यावरसुद्धा नाही. संपादक म्हणून सगळे गौरवतात, मग कवितेबद्दल कोण बोलणार?

प्रूफवाली:
हे मात्र शंभर टक्के खरं. त्याचा दोष आम्हा वाचणाऱ्यांचा, त्यांच्या संपादनाचा नाही. 'विलंबित'वर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.